कॅमेरा कुणाच्या खांद्यावर

"तुला किळस कशाची येते?"

तोडकर साहेबांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या चहात माशी पडली होती. त्यांनी ती बोटाने काढली, बोट पँटला पुसलं आणि चहा पिऊन टाकला.

"ह्याची," मी म्हटलं.

"फालतू. ही सगळ्यांनाच येते. तुझी सांग. तुझी एकटीची."

"पालीची."

"बायका सगळ्या पालच सांगतात. पुढं."

"शेंबडाची. पू झालेल्या जखमेची. मेलेल्या उंदराची."

"बाजारात मिळणारी किळस आणू नकोस माझ्याकडं. घरात शिजवलेली आण." ग्लास पालथा घालून ते उठले. "उद्या सकाळी लिहून पाहिजे. नाहीतर बॅग भर आणि जा तुझ्या कॉलरी शिवायला."

कॉलरी शिवणं खरंच होतं. इचलकरंजीत एका शर्टांच्या कारखान्यात मी कॉलर लावायची. शिक्षण सातवी. वाचायला शिकले ते रद्दीच्या दुकानात बसून, लिहायला शिकले ते कुणीच शिकवत नव्हतं म्हणून. दिवाळी अंकांत दोन-तीन कथा छापून आल्या होत्या. त्यातली एक तोडकरांच्या हाती लागली आणि त्यांनी मला सिनेमा लिहायला बोलावलं. सिनेमा म्हणजे थिएटरातला नव्हे. तेव्हा घरोघरी सीडीचे प्लेअर आलेले, एसटी स्टँडवर गाण्यांच्या आणि भुतांच्या सीड्या शेजारी शेजारी टांगलेल्या असायच्या. तोडकर त्या भुतांच्या सीड्या काढायचे.

शूटिंग जयसिंगपूरच्या पुढे, उसाच्या मधोमध, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीत. कोंबड्या कधीच्या गेल्या होत्या, वास गेला नव्हता. विष्ठा सिमेंटमध्ये मुरलेली. ऊन चढलं की जमीन घाम फुटल्यासारखी तो वास सोडायची. शेडला लागून राखणदाराच्या दोन खोल्या होत्या, तेच आमचं भुताचं घर. खिडक्यांना काळा कागद लावून भर दुपारी रात्र करायची. रक्त काकवीत रंग कालवून केलेलं. दिसायला झकास, पण काकवी ती काकवी. कुणाचा खून झाला की पाच मिनिटांत मुंग्यांची रांग आणि घोंघावणाऱ्या माश्या. मेलेल्याला मेल्यासारखं पडून राहावं लागायचं आणि माश्या ओठांवर फिरायच्या. तोडकर खूश व्हायचे. "फुकटचा इफेक्ट!"

त्या पोल्ट्रीत सगळ्यांनी बाह्या दुमडल्या होत्या, बनियनवर होते. मी एकटी पूर्ण बाह्यांच्या ब्लाऊजमध्ये, मनगटाला बटणं लावून. कारण माझ्या डाव्या हाताला कोड होतं. कोपरापासून वर, खांदा ओलांडून पाठीवर. लग्नानंतर आलं. डॉक्टरांनी सासूला समोर बसवून सांगितलं, हे लागत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही, नुसता कातडीचा रंग जातो. सासूने सगळं मान डोलावून ऐकलं, घरी आली, आणि माझा कप मोरीजवळच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. एके दिवशी नवऱ्याने मला माहेरच्या गाडीत बसवून दिलं. तेव्हापासून मी बटण सोडलं नव्हतं. कारखान्यात कुणाला माहीत नव्हतं, इथेही कुणाला कळू द्यायचं नव्हतं. माझं नाव सिनेमावर येणार होतं. 'लेखिका' म्हणून. मला ते हवं होतं, भुकेल्याला भाकरी हवी असते तसं.

तोडकर माणूस म्हणून नालायक होते आणि मला लिहायला त्यांनीच शिकवलं. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं धुतलं जात नाही.

माझा पहिला सीन त्यांनी वाचला तो असा: हडळ केस मोकळे सोडून किंचाळत येते.

"पहिल्याच पानावर भूत आणलंस?" ते म्हणाले. "मग पुढं लोकांनी काय बघायचं, तुझं तोंड?"

"मग कधी आणू?"

"आणूच नकोस. दार दाखव. नुसतं दार. थोडं उघडं. लोक आपापलं भूत घरनंच घेऊन येतात, त्यांना बसायला जागा करून दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अंगणात उभं केलं. दस्तगीरभाईंना बोलावलं. दस्तगीरभाई आमचे कॅमेरामन, मिरजेचे, लग्नांची शूटिंगं करून केस पिकलेले, कमी बोलणारे. तोडकरांनी त्यांना माझ्या मागे उभं केलं आणि हौसाक्काला समोरून चालत यायला सांगितलं. हौसाक्का आमच्या सिनेमातली सासू. आयुष्य जत्रेतल्या नाटकांत गेलेलं, तोंडात कायम मिश्री.

"आता बघ." तोडकरांनी मला छोट्या टीव्हीवर ते दाखवलं. माझा खांदा, आणि खांद्यापलीकडून चालत येणारी हौसाक्का. नुसती चालत येणारी म्हातारी. पण मी नकळत टीव्हीपासून मागे सरकले.

"आता उलटं." दस्तगीरभाई हौसाक्काच्या मागे गेले. आता टीव्हीवर मी होते. घामट, गोंधळलेली, दाराशी उभी. आणि तीच बाई, म्हणजे मीच, मला भीतीदायक वाटली.

"कॅमेरा ज्याच्या खांद्यावर, लोक त्याच्या बाजूचे," तोडकर म्हणाले. "समोर जो येईल तो भूत. मग तो देव का असेना. लिहिताना आधी हे ठरव. कुणाच्या खांद्यावर बसून बघतेस? बाकी सगळी हमाली."

पुढच्या आयुष्यात मोठमोठ्या सभागृहांत मी लेखनावरची भाषणं ऐकली. इतकं उपयोगाचं कुणी बोललं नाही.

"आणि आणखी एक," ते जाता जाता म्हणाले. "तुझी पानं मी बघतो. मध्येच एका ठिकाणी तू हात आखडतेस. पाहुण्यासमोर डबा झाकावा तशी. तिथंच सिनेमा आहे. झाकण काढ."

मग ती माशी, तो चहा आणि किळसेचा प्रश्न. त्या संध्याकाळी मी झाकण काढलं.

लिहिलं ते इतकंच. नवी सून. अंगावर एक पांढरा डाग. सासू चांगली आहे, शिव्या देत नाही, मारत नाही. फक्त सुनेचा कप कोनाड्यात असतो. सून कप खाली ठेवते, सासू वरून चहा ओतते. किटली कपाला लागू नये म्हणून हात उंच. चहा उडतो, सुनेच्या पायावर पडतो. सासू विचारते, "भाजलं का गं?" आणि खरोखर काळजीने विचारते. बस.

तोडकरांनी उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. मग खाली बसले.

"कुठनं आणलंस?"

"ऐकलेलं."

"कुणाचं?"

"एका बाईचं."

"सोनं आहे," ते म्हणाले. "हिला मारत नाहीत, हे सोनं आहे."

त्याच दिवशी सीन घेतला. सून झालेली रेशमा ऑर्केस्ट्रात नाचणारी, बावीस-तेवीसची, फटकळ, हसरी पोरगी. तिच्या खांद्यावर कॅमेरा. तोडकर हौसाक्काला हात किती उंच धरायचा ते समजावू लागले.

"सरा तिकडं साहेब," हौसाक्का म्हणाली. "ह्ये शिकवायला लागत न्हाई."

तिने किटली उचलली. मनगट असं वळवलं की धार सरळ कपात आणि हात मात्र दूर, स्वच्छ, तटस्थ. पहिल्याच टेकला ओके. मी बघतच राहिले.

"कुठं शिकलात हो अक्का?"

"शिकायचं कशाला? तवा विटाळ हुईल म्हणून गावातली माणसं पाणी असंच वतायची, माझ्या वंजळीत. माझ्या आईच्या वंजळीत बी. पाणी प्यायचं म्हंजे वर वतणाऱ्या हाताकडं बघत ऱ्हायचं. घोट-घोट बघितलाय त्यो हात." तिने मिश्री थुंकली. "तुझ्या त्या बाईला सांग, सीन चांगला लिवलाय म्हणावं."

मला वाटलं, तिने माझ्या बाहीकडे बघितलं. कदाचित नसेलही बघितलं.

त्या दिवशी मी मनातून हवेत होते. माझा कोनाडा, माझा कप, आणि पहिल्यांदाच कुणीतरी कॅमेरा माझ्या बाजूला आणून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडकर म्हणाले, "आता ही सून मरते. आणि अंगभर डाग घेऊन परत येते."

"कुठं परत येते?"

"सासरी. हडळ होऊन."

"मेल्यावर तरी सासरी कशाला जाईल ती?" मी म्हटलं. "सुटली ना एकदाची?"

दस्तगीरभाईंना हसू आलं, त्यांनी ते लेन्स पुसण्यात घालवलं.

"जोक मारू नकोस. हडळीचा सिनेमा आहे, हडळ पाहिजे."

"सासूला करा ना हडळ. साहेब, कालचा सीन तुम्हीच रेशमाच्या खांद्यावरनं घेतलात. आता तीच समोर?"

"इंटरव्हलपर्यंत लोकांना तिची दया येऊ दे. नंतर किळस. दया आणि किळस शेजारीच राहतात, मधली भिंत पातळ असते. ती पाडायची, एवढंच तर आपलं काम."

"हे घाण आहे."

"मग? भुताच्या सिनेमात आलीयस, हळदीकुंकवाला नाही."

बॅग भरावी असं वाटलं. भरली नाही. शूटिंगमध्येच काहीतरी वळवता येईल असं वाटलं, आणि ते नाव, ते 'लेखिका', समोर लोंबत होतं.

रेशमाचा मेकअप सगळ्यांच्या देखत झाला. अंगणात खुर्ची टाकून, उजेडात. मेकअपवाल्याने सफेदा पाण्यात कालवला, स्पंजाने तिच्या तोंडावर, गळ्यावर, दोन्ही हातांवर डाग उठवले. लाइटवाले, सामानवाले, सगळे भोवती उभे राहून सूचना देत होते. "गालावर अजून एक टाक." "ओठावर घे रे, ओठावर!" रेशमा आरशात बघून जीभ काढत होती. तोडकरांच्या मेहुण्याने, बाजीरावने, सफेद्याचं बोट स्वतःच्या मिशीला लावून म्हाताऱ्याची नक्कलसुद्धा केली. हा बाजीराव जेवणखाण, गाड्या, सगळं बघायचा.

हे मी मुद्दाम सांगते. प्रत्येकाने तो रंग वाटीतून अंगावर जाताना बघितला होता. एकालाही शंका नव्हती.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. शेडच्या सावलीत ताडपत्री अंथरलेली, भाकरी आणि अख्खा मसूर. माणसं गोल करून बसली. मी तोडकरांशेजारी. माझ्या डब्यातली लसणाची चटणी त्यांना आवडायची, ते सरळ डब्यात बोट घालून खायचे, परवानगी विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दस्तगीरभाई बाजूला उभे होते, ते जेवणाआधी कॅमेरा झाकून ठेवायचे.

रेशमा हात धुऊन आली. म्हणजे तळवे धुऊन, डाग तसेच ठेवून. गोलात बसायला वाकली.

गोल उघडला नाही.

कुणी काही ठरवलं नाही. बसायला आलेल्या माणसाला जागा करताना आपण ढुंगण जरासं सरकवतो, तेवढंच कुणी केलं नाही. एका लाइटवाल्याने उलट कोपर बाहेर काढलं. ती पुढे गेली, तिथेही तसंच. वाढायला उठलेल्या बाजीरावने तिच्या ताटात भाकरी टाकली. ठेवली नाही, टाकली. वरून. मसूरही वरून. थेंब उडाले, तिच्या हातावर पडले.

रेशमा हसली. "अहो बाजीरावदादा, सफेदा आहे हा! सकाळी मिशीला लावलात ना?"

सगळे हसले. "माहिताय गं!" "आम्हाला काय कळत न्हाई व्हय?" बाजीराव पण हसला. आणि कुणीही सरकलं नाही.

ती क्षणभर ताट घेऊन उभी राहिली. मग नळाकडे वळली.

"ए, पुसू नकोस!" तोडकर भरल्या तोंडाने ओरडले. "जेवण झालं की पुढचा शॉट आहे. डाग जसेच्या तसे पाहिजेत."

ती गेली आणि लांब, खाद्याच्या पालथ्या खोक्यावर एकटी बसली. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. हौसाक्का गोलातून उठली, कंबर धरत तिकडे गेली, तिच्या शेजारी बसली आणि स्वतःचं ताट असून तिच्या ताटातली भाकरी मोडली.

माझा घास तोंडातच राहिला. सासूकडे निदान खऱ्या डागाची सबब होती. इथे तीही नव्हती. रोग नव्हता, डाग नव्हता, वाटीभर रंग होता, आणि तो रंग आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मला त्या वीस-बावीस जेवणाऱ्या तोंडांची, मसुराने चकाकणाऱ्या ओठांची अशी किळस आली की पोल्ट्रीचा वास त्यापुढे बरा.

"साहेब," मी म्हटलं, "बघितलंत?"

"काय?"

"सिनेमा तिकडं चाललाय."

त्यांनी मान वळवली. रेशमा, हौसाक्का, मधलं मोकळं अंतर, पाठ करून बसलेला गोल. बघता बघता त्यांच्या डोळ्यांत चमक आली. खोटं कशाला सांगू, त्यांना एका नजरेत कळलं. मला आठवडाभर लिहून सांगता आलं नसतं ते.

"दस्तगीर! कॅमेरा उचल. चालू कर. आत्ता, आत्ता."

दस्तगीरभाईंनी कॅमेरा खांद्यावर घेतला, चालू केला. मी उठून उभी राहिले. वाटलं, जमलं.

"इकडनं घे," तोडकर म्हणाले. "ह्या लोकांच्या खांद्यावरनं. भूत जेवतंय. लांब बसून माणसासारखं भाकरी मोडून जेवतंय. अय्यो, काय शॉट आहे!"

"इकडनं नको!" मी म्हटलं. "तिच्या खांद्यावरनं घ्या. आपली तोंडं घ्या."

"आपली तोंडं बघायला कोण येणार? लोक भूत बघायला येतात."

"भूत इकडं बसलंय की, गोल करून. मसूर खातंय."

गोलातलं चावणं थांबलं.

"जास्त बोलू नकोस शालन. लोकांना किळस येते, त्याला मी काय करू? येतेच. नैसर्गिक आहे. मला पण येते, रंग आहे हे माहीत असून येते. म्हणून तर हा सीन चालणार." बोलता बोलता त्यांनी माझ्या डब्यात बोट घातलं, चटणी चाटली. "तुला काय कळणार त्यातलं? तू नुसतं ऐकून लिहिलंयस."

मी मनगटाचं बटण सोडलं. मग दुसरं. बाही कोपराच्या वर सरकवली, आणखी वर, खांद्यापर्यंत, शिवण उसवली तरी ओढली.

"हे घ्या," मी म्हटलं. "ह्याला सफेदा लागत नाही."

दस्तगीरभाई माझ्या मागे उभे होते. कॅमेरा चालू होता. त्यांना कुणी 'कट' म्हटलं नव्हतं.

तोडकरांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग डब्याकडे. मग स्वतःच्या बोटाकडे, त्यावर अजून लाल चटणी होती. ते उठले, ताटावरून पाय टाकून नळाकडे गेले. बोट धुतलं. मग ओंजळ भरून चूळ भरली. थुंकले. पुन्हा भरली. घशापर्यंत पाणी नेऊन खळखळवलं. मग तेच बोट घशात घातलं आणि वाकून, एका हाताने नळ धरून, जेवलेलं सगळं काढलं. त्या आवाजाने उसातली कावळ्यांची जोडी उडाली. गोलातले चार-पाच जण ताट घेऊन मागे सरकत होते, बसल्या बसल्या, ढुंगणावर. आता बरं सरकता येत होतं.

मला रडू आलं असं तुम्हाला वाटेल. नाही आलं. मला ओकाऱ्या काढणारा तो माणूस बघून बरं वाटलं. चला, एक तरी खरी गोष्ट केली ह्याने.

ते तोंड पुसत परत आले. डोळ्यांतून पाणी आलेलं. आणि एवढं होऊनही पहिला प्रश्न कुठला?

"दस्तगीर, चालू होता?"

"होता साहेब."

"दाखव."

टेप मागे घेतली, टीव्ही लावला. सगळे भोवती आले, माझ्यापासून हातभर लांब राहून. आधी माझा खांदा दिसला, पांढरा, जवळ असल्यामुळे अस्पष्ट, एखाद्या डोंगराच्या कडेसारखा. त्यापलीकडे गोल. थांबलेले जबडे. मागे सरकणारी माणसं. आणि मधोमध तोडकर, बोटाकडे बघणारे. नळाकडे जाणारे. दस्तगीरभाईंच्या कॅमेऱ्याने त्यांना सोडलं नव्हतं. लग्नात नवरी निघाली की कॅमेरा नवरीबरोबर जातो, त्या सवयीने ते माझ्या खांद्यावरून साहेबांबरोबर गेले होते, शेवटच्या ओकारीपर्यंत.

मी इतके भुताचे सिनेमे बघितलेत. त्या नळापाशी वाकलेल्या पाठीइतकं भयंकर काही बघितलेलं नाही.

"फोकस चांगला धरलास," तोडकर शेवटी म्हणाले. आवाज बसला होता.

"हे सिनेमात घ्या," मी म्हटलं. "मग हडळ कुणालाही करा, मी बोलणार नाही. हे तेवढं ठेवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत किळस होतीच, पण दुसरंही काहीतरी होतं. धंद्यातल्या माणसाला धंदा कळतो. हाच सिनेमा आहे, हे त्यांना माझ्याइतकंच कळलं होतं.

"पुसून टाक," ते दस्तगीरभाईंना म्हणाले.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते, म्हणजे कुणी आशेवर बसायला नको. सिनेमा झाला. दुसऱ्या कुणाचं तरी नाव लेखक म्हणून लागलं. चहाचा सीन आहे त्यात, आणि हडळही आहे, अंगभर पांढरे डाग असलेली. रेशमाने केली नाही, दुसरी कुणी मिळाली. सीडी धो धो विकली गेली. आमच्या गल्लीतली पोरं मला बघून त्या हडळीसारखी मान वाकडी करायची. मी बाह्या कापून टाकल्या होत्या, म्हणून त्यांना सोपं गेलं. आणि मी लिहीत राहिले. लिहायला बसले की आधी खांदा ठरवते. तोडकरांचं वाक्य आहे, चोरलंय, परत करणार नाही.

तर, पुसून टाक.

"पुसायचं बटण नसतं ह्याला साहेब," दस्तगीरभाई म्हणाले. "टेप मागं घ्यायची आणि वरनं दुसरं काहीतरी घ्यायचं. तेवढाच वेळ."

"घे मग. भिंत घे. काहीही घे."

दस्तगीरभाईंनी टेप मागे घेतली, कॅमेरा स्टँडवर चढवला, तोंड पोल्ट्रीच्या भिंतीकडे केलं, बटण दाबलं. लाल दिवा लागला. बोलायचं नाही अशी सवय असल्यामुळे सगळे गप्प उभे राहिले. भिंतीवर चुना उडालेला, एक घाणेरडा ओघळ. त्या भिंतीखाली माझा खांदा आणि तोडकरांची ओकारी थोडी थोडी बुजत चालली होती, आणि वीस माणसं मयताला उभी असल्यासारखी शांतपणे ते होऊ देत होती.

मी कॅमेऱ्याजवळ गेले आणि स्टँडचा दांडा धरला.

"ए! हात लावू नको त्याला!" बाजीराव ओरडला. दोन पावलं पुढे आला आणि थांबला. लाइटवाला पुढे आला, थांबला. मला अडवायचं तर माझा हात धरावा लागला असता.

मी दांडा सावकाश फिरवला. भिंत सरकली. शेडचा कोपरा, ताडपत्री, अर्धी ताटं, आणि मग ते सगळे, ओळीने, लेन्ससमोर.

"पुसायचंच आहे ना?" मी म्हटलं. "मग तुमच्यानं पुसा. उभे राहा समोर."

बाजीरावने तोंडावर हात धरला. लाइटवाला बाजूला झाला, मग त्याच्या मागचा. कुणी चप्पल शोधायचं निमित्त केलं, कुणी पाणी. एक जण खांबाआड गेला आणि तिथून लेन्स कुठे वळतेय ते बघू लागला. मेकअपवाला डबा उचलून पळालाच, अक्षरशः पळाला. तोडकर सगळ्यांत शेवटपर्यंत थांबले. अंगावर येणाऱ्या गोष्टीकडे बघावं तसं त्यांनी त्या काळ्या काचेकडे बघितलं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ह्या बाजूने. मग तेही शेडच्या मागे गेले.

समोर कुणी उरलं नाही. ताडपत्री, मसुराच्या पातेल्यावर माश्या. आणि लांब, चौकटीच्या टोकाला, खोक्यावर दोन बायका. हौसाक्का पदराचं टोक भिजवून रेशमाच्या गालावरचा सफेदा पुसत होती आणि रेशमा पुसून घेत घेत जेवत होती.

"बंद कर ते!" शेडच्या मागून तोडकरांचा आवाज आला. "दस्तगीर! बंद कर!"

दस्तगीरभाईंनी बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही. शेडकडे न बघता त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"किती वेळ ठेवू, ताई?"

"टेप संपेपर्यंत."